कोरा नमुना

बाटली तीनदा त्याच पाण्यानं विसळायची.
चौथ्यांदा भरायची काठोकाठ,
बुडबुडा राहू द्यायचा नाही.
मग चिठ्ठी : झ-३, सकाळ, सहा चाळीस,
धुकं आहे, वारा पश्चिमेचा.

धाकलू येडगे पलीकडं उकिडवा बसलाय.
"झ-तीन नव्हं ताई, ही तानूची न्हाणी.
तानू माजी आत्या. हितंच बाळंत झाली,
सड्यावरलं समदं पाणी आटलं, त्या साली."
रकाना लहान आहे.
मी झ-३ च ठेवते.

नियम असा : खाण सुरू व्हायच्या आधी
बारा महिने, दर महिन्याला, प्रत्येक झरा.
सामू, गढूळपणा, लोह, विरघळलेले क्षार.
आधीचं पाणी कागदावर असेल
तरच नंतरचं बिघडलं म्हणता येतं.
नाहीतर म्हणतात,
इथलं पाणी पहिल्यापासून असंच.

साहेबांचा फोन मात्र कडेलोटावर उभं राहिलं की लागतो.
"मुजावर मॅडम, दोन खेपांत बसेल का सगळं?"
मी म्हणते, रेंज जातेय सर.
आणि खरंच जाते.

दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये दगड.
जमिनीतून काढलेल्या लांब कांड्या
पेट्यांत ओळीनं झोपवलेल्या :
वर तांबूस जांभा, मुंग्यांच्या घरासारखा,
खाली शेवाळी रंगाची, बोटाला लागणारी माती,
मग काळा, गप्प पाषाण.
चौदा मीटरच्या खुणेपाशी एकाच तुकड्यात
पिवळे ठिपके, मोहरीएवढे.
कदाचित काहीच नसेल.
मी आम्लाचा थेंब सोडते.
फेसाळला तर दगडात आम्ल गिळायची ताकद आहे.
थेंब तसाच बसून राहिला,
पाहुणा पाणी मागायला लाजतो तसा.

असा दगड कुटून बरणीत भरायचा.
तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट,
सातव्या दिवशी पाणी ओतून, खाली काय ठिबकतं ते धरायचं.
वीस आठवडे.
पावसाळ्याची रंगीत तालीम म्हणा.
दगडाला घाई सांगता येत नाही.

शेवटी एक बाटली उरते.
तीही सड्यावर उघडायची,
दुसरीत ओतायची, झाकण लावायचं.
"हे कुठलं पाणी?"
कोल्हापूरचं, यंत्रातलं. यात काहीच नाही.
"मग तपासायचं काय?"
आपल्या हातानं काही मिसळलं का, ते.
धाकलूनं तळवे धोतराला पुसले, उगाचच.
मग बराच वेळानं :
"सायबाची बी अशी बाटली असती का?"

उद्यमनगरात प्रयोगशाळा आहे, दोन फाउंड्र्यांच्या मधे.
घण पडला की कपाटात काच वाजते.
खालच्या फळीवर पंचगंगा, महिन्यांप्रमाणे लावलेली,
प्रत्येक महिना वेगळा पिवळा.
तिचा आधीचा आकडा आमच्याकडं नाही.
अब्बा सांगायचे, घाटावर टाकलेला पैसा
तळात पडला तरी छापा की काटा ते कळायचं.
मी एकदा हे अहवालात घालायला बघितलं.
ही आठवण झाली, साहेब म्हणाले. मोजमाप द्या.

म्हणून झ-३ च्या शेऱ्यात लिहिलं :
'दगडाखाली खेकडे, सात.
एक मादी, पोटाशी पिल्लं.'
धाकलूनं मोजले, मी बघितले.
दोघांच्या सह्या, एक अंगठा.
कागद परत आला. पेन्सिलीनं गोल, बाजूला
'अनावश्यक'.
खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
ड्रॉवर मी उघडलेला नाही.

दुसरी खेप झाली. तिसरीला गाडी मिळाली नाही,
मलकापूरपर्यंत एसटीनं गेले, पुढं धाकलूच्या भाच्याची मोटरसायकल,
बर्फाची पेटी मांडीवर.

बरणी चार, आठवडा तिसरा.
ठिबकलेलं पाणी नितळ. सामू सहा पूर्णांक आठ.
अजून सतरा आठवडे.
आज साहेबांनी विचारलं, कधी संपणार?
मी बरणीकडं बघितलं.