लिफ्टचं नाणं

आमच्या इमारतीतली लिफ्ट फुकट वर नेत नसे.
वीस तेत्रींचं नाणं टाकलं की कुरकुरत निघायची,
नाही टाकलं तर तोंड मिटून उभी.
कुटाइसीतल्या त्या सातव्या मजल्यावर
नेस्तान आणि मी
बापाचा अंदाज तिच्यावरून घ्यायचो.

लिफ्ट वाजली, म्हणजे खिशात अजून काही उरलंय,
म्हणजे पाव घेऊन येईल, बूट दारातच काढील,
कदाचित गाईलसुद्धा.
जिना वाजला, म्हणजे सगळं पिऊन झालंय.
मग सात मजल्यांचा वेळ आमचा.
पहिल्या मजल्यावर तो असताना नेस्तान काचेचं सगळं उचलायची,
तिसऱ्यापर्यंत आईचे पैसे पिठाच्या डब्यात,
पाचव्यावर तो दम खायला थांबे, कठड्याला शिव्या देई,
तेवढ्यात मी न्हाणीघरात, आतून कडी,
आणि ती बाहेर.
ती सतरा वर्षांची. मी तेराची.
हे असं कुणी ठरवलं नव्हतं.

आई इटलीत, बारीला, एका म्हातारीला न्हाऊ घालायला.
दर रविवारी फोनच्या काचेत यायची,
जेवलात का विचारायची, तिच्या मागे कुणीतरी खोकायचं.
आम्ही फोन साखरेच्या बरणीला टेकवायचो
अशा कोनात, की फुटकं कपाट दिसू नये.
बरणी कुठे ठेवायची, त्याची टेबलावर
पेन्सिलीची खूणच होती.

गुराम वाईट माणूस आहे म्हणालात
तर गावात हसतील तुम्हाला.
लग्न असो, बारसं असो, पहिला पेला त्यालाच उचलायला लावत.
मेलेल्यांसाठी, आयांसाठी, लेकींसाठी तो असं बोलायचा
की म्हाताऱ्या डोळे पुसत.
त्या पेल्यातल्या लेकी कोण, ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या हिवाळ्यात त्याचा गुडघा सुजला.
एका रात्री चौथ्या मजल्यावर बसून तो रडत होता,
मोठ्या जनावरासारखा, थांबून थांबून.
मी दाराच्या फटीतून ऐकलं.
दुसऱ्या दिवशी त्याच्या कोटाच्या फाटक्या अस्तरात
मी एक नाणं ठेवलं. नेस्तानला न सांगता.
मग रोज एक, माझ्या खाऊच्या पैशांतलं.

आणि एका गुरुवारी लिफ्ट वाजली.
नेस्तान केस धुऊन आली होती, काहीतरी गुणगुणत.
पैसे टेबलावर, मोजायला काढलेले.
मी म्हटलं, "लिफ्ट आहे."
ती म्हणाली, "बरं झालं."

पुढचं मी सांगणार नाही.
भुवईवर चार टाके.
रविवारी तिनं भांग दुसऱ्या बाजूला पाडला,
आई म्हणाली, छान दिसतोय गं,
आणि पेन्सिलीची खूण आम्ही जराशी डावीकडे नेली.

"त्याच्याकडे नाणं आलं कुठून?"
एकदाच विचारलं तिनं, अंधारात, भिंतीकडे तोंड करून.
मी झोपेचं सोंग घेतलं.
तिनं उठून माझं पांघरूण सारखं केलं.
सोंग तिला कळलं असणार.
सोंगं घ्यायला मला तिनंच शिकवलं होतं.

आता नेस्तानही बारीला असते, दुसऱ्या कुणाची तरी म्हातारी सांभाळते.
रविवारी फोन करते. भांग अजून त्याच बाजूला.
मी बातुमीत. इथली लिफ्ट नवी, गुळगुळीत, काही न मागणारी.
मी जिन्यानं जाते.
पाय आपटत, किल्ल्या वाजवत,
पाचव्यावर उगाच थांबून खोकत.
घरात माझ्या कुणीच नसतं,
तरी.

शेजारची पोर परवा म्हणाली,
"मावशी, तुम्ही येताय ते खालपासून कळतं."
म्हटलं, कळू दे.