भिंतीतली चूल

शिकलगार सव्वानऊला आले, मोपेडवर,
मागे घडीची शिडी, पायांत पोतं.
बेकऱ्यांच्या भट्ट्या बघतात ते, कॅम्पातल्या, भवानी पेठेतल्या.
"घरातली म्हणाल तर ही माझी तिसरी," म्हणाले,
आणि चपला दाराबाहेर काढून
देवासमोर बसावं तसे गुडघे टेकून बसले.

फायरप्लेस म्हणायची रीत आहे खडकीतल्या या बंगल्यात.
माझी सासू म्हणायची, भिंतीतली चूल,
आणि तिच्यावर काहीच शिजत नाही
याचा तिला शेवटपर्यंत राग होता.

आरसा, टॉर्च, दोरीला बांधलेलं शिशाचं वजन,
आणि टोकाला डोळा असलेली एक लांब वायर.
ती वर सरकली तसं
मोबाइलच्या पडद्यावर आमचंच घर दिसू लागलं, आतून:
काळ्या विटा, काजळीचे पापुद्रे,
पारव्याचं सोडून दिलेलं घरटं, त्यात लाल बांगडीचा तुकडा.
"ती कुणाची?" मी विचारलं.
"मी धूर बघतो, ताई. बांगड्या नाही."

पाषाणला नऊ अंश असं पेपरात आलं की
श्रीरंग बाजारातल्या वखारीतून बाभळीचे ओंडके आणायचा,
दहा किलो, कधी पंधरा.
दोघांचंही डोकं दुखायचं. तो म्हणायचा, लाकूड ओलं आहे.
सतरा हिवाळे आम्ही वखारवाल्याला बोल लावला.
फेब्रुवारीत श्रीरंग गेला.
यंदा पेटवायच्या आधी दाखवून घे, मुलगी म्हणाली फोनवर,
म्हणून हे सगळं.

शिकलगारांनी खिशातून उदबत्ती काढली, मोगऱ्याची.
धूर हातभर वर गेला, थबकला,
आणि डावीकडे वळला,
ओळखीच्या घरी निघालेल्या माणसासारखा.
"तडा आहे. पलीकडे कोण राहतं?"

पलीकडे मिस रेबेलो.
दारूगोळा कारखान्यात टायपिस्ट होत्या, आता एकट्या.
दर नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्यांचा डबा येतो
आणि एक वाक्य, दरवर्षी तेच:
"तुमच्यामुळे माझी भिंत गरम असते."
पलंग त्याच भिंतीला लावलाय त्यांनी. उशीही त्याच बाजूला.

मला फार आवडायचं ते वाक्य.
आम्ही काही केलं नव्हतं, तरी मी "त्यात काय एवढं" म्हणायची.

"ऊब जाते तिथून, ती एकटी जात नाही," शिकलगार म्हणाले.
"तिच्याबरोबर जे जातं त्याला वास नाही, रंग नाही.
माणूस झोपतो, आणि सकाळी..."
वाक्य पुरं केलं नाही त्यांनी.
एका भट्टीमागच्या खोलीबद्दल बोलले थोडं,
आणि तिथे झोपलेल्या दोन पोरांची वयं सांगितली.

मग कार्बन घालून पावती लिहिली.
तपासणी, चौदाशे.
शेरा: दुरुस्तीपर्यंत वापरू नये.
सहीशेजारी काळा अंगठा उमटला, चुकून.
चहा उभ्यानेच घेतला. खारी नको म्हणाले,
दिवसभर तीच बघतो.

पावती घेऊन मी शेजारी गेले.
दार उघडायला त्यांना वेळ लागतो,
तेवढ्यात काय सांगायचं ते तीनदा म्हणून पाहिलं,
तिन्ही वेळा ते माफी मागितल्यासारखं झालं.
त्यांनी चष्मा लावला, शेरा वाचला,
ऱ्हस्व-दीर्घ तपासावं तसा, दोनदा.
"तरीच," म्हणाल्या, "नाताळात माझं डोकं चढायचं.
मला वाटायचं, वाइन."

हसू मला नंतर आलं, आधी घाम आला.

पलंग दोघींनी मिळून ओढला. शिसवी, हलता हलेना.
मागे भिंतीवर एक पिवळट डाग निघाला, डोक्याएवढा.
मी त्यावर तळहात ठेवला.
मिस रेबेलोंनीही ठेवला, माझ्या हाताशेजारी.
भिंत गारच होती.
अजून नोव्हेंबर चालू आहे.