गुरुवारचं पाणी

बस गं भूमक्का, नळाला अजून वेळ आहे.
खजूर खा. बी टाकू नकोस,
नातवाला पेरायची आहे.
आपल्या मुरमात काय उगवणार, पण पेरू दे.

तुला आठवतं, सिद्धेश्वर एक्स्प्रेस हलली
आणि तू खिडकीतून माझ्या मुठीत
दहाची नोट कोंबलीस.
घडीत हळदीचा डाग.
म्हणालीस, तिथल्या पेटीत टाक.
तिथं पेटी असते का,
ते तुलाही माहीत नव्हतं, मलाही.

विमानतळावर काचेमागचा पोरगा
पासपोर्ट उलटसुलट करत थांबला.
मला वाटलं, झालं,
फोटोतली बाई मी नाहीच म्हणणार हा.
तो म्हणाला, 'आजी, हा पत्ता खरा आहे? नई जिंदगी?'
म्हटलं, 'खरा आहे की बाबा,
आसरा चौकातून शेअर रिक्षा मिळते.'
शिक्का मारला, पण हसू आवरेना त्याला.

शकूर पांढऱ्या दोन कापडांत.
शिवलेलं काही चालत नाही गं त्यांना.
आणि मी?
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेलांच्या कडाच शिवल्या.
सारखी त्याच्या खांद्यावरची मोकळी दशी बघायची,
बोटं शिवशिवायची.

जेद्दाला तुझी शेंगाचटणी उघडली.
साहेबानं वास घेतला, तीनदा शिंकला,
काहीतरी अरबीत म्हणाला,
आणि पुडी होती तशी बांधून दिली.
शिवी होती की दुवा, कुणास ठाऊक.

आता ते सांगते, जे शकूरलाही सांगितलं नाही.

पहिली नजर पडते ना, तेव्हा मागितलेलं मिळतं म्हणतात.
मी वहीत लिहून नेलं होतं.
मकतूमच्या कबरीत उजेड. धाकटीला मूल.
शकूरची नोकरी. तुझे गुडघे, चौथ्या नंबरवर.
सगळं पाठ.
मान खाली घालून चालवत नेलं आम्हाला,
फरशीवर दुसऱ्यांच्या टाचा बघत,
मग कुणीतरी म्हणालं, आता.

वर बघितलं.

ते काळं, एवढं मोठं, एवढं गप्प.
वही गेली. नावं गेली. माझं नावही गेलं.
आणि तोंडातून काय निघालं माहितेय?
'या अल्ला, आज गुरुवार.
भूमक्कानं माझं बॅरल भरलं असेल का?'

हसू नकोस. मी रडले.
एवढ्या लांब येऊन, एवढी वर्षं पैसा पैसा साठवून,
बॅरल!

नंतर जमजमचे नळ, एकाला एक लागून.
एक पोर नळ सोडून पळालं
तर मीच धावले बंद करायला.
बाजूच्या बाया बघत राहिल्या.
कसं सांगायचं त्यांना,
आमच्याकडं पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री तीनला, करंगळीएवढं.

तिथंच एकजण फरशी पुसत होता, हिरव्या कपड्यांत.
मोपावर रेलून फोनवर बोलत होता, हळू,
तेलुगूत.
मी उभी राहिले तशीच. मग म्हटलं,
'बागुन्नावा?'
त्याचा मोप पडला गं हातातून.
करीमनगरकडचा, मौलाली नाव.
चार वर्षांत घरी गेला नाही.
विचारतो, अम्मा, कुठं शिकलीस?
म्हटलं, आमच्या बोळात, नळावर भांडताना.

तुझी नोट त्याला दिली.
रागावू नकोस, पेटी कुठं दिसलीच नाही.
त्यानं डागाचा वास घेतला
आणि मोबाइलच्या कव्हरमागं ठेवली,
मुलीच्या फोटोला चिकटून.

परवा आले, कुलूप काढलं.
बॅरल काठोकाठ. वर झाकण, झाकणावर वीट.
मी त्या विटेकडं किती वेळ बघत बसले.

काल विचारत होतीस ना, सगळ्यांसमोर,
माझ्यासाठी काय मागितलंस म्हणून?
मी गुडघे म्हणाले.
गुडघे नंतर मागितले, अक्का. दुसऱ्या दिवशी.

ऐक.
नळ खोकतोय.
ऊठ, घागर तुझी आधी लाव.