पांढरी सात

लिएपायात वारा कुणाची परवानगी घेत नाही.
तालिवाल्डिस आत आले तेव्हा
दुकानाचं दार त्यांच्या मागे दोनदा आपटलं.
"पहिला आवाज बरोबर होता," ते म्हणाले,
आणि काखेतला पांढरा लॅपटॉप माझ्या टेबलावर
आजारी मांजर ठेवावं तसा ठेवला.

पियानो सुरात लावायचे, एकोणचाळीस वर्षं.
प्रत्येक पियानोचा एक फोल्डर,
त्यात दोन ध्वनिफिती: लावण्याआधी, लावल्यानंतर.
गाव, गावात रस्ता, रस्त्यात घर, घरात मजला, मग सालं.
एका पियानोपाशी पोचायला अकरा क्लिक.
"एवढ्या वेळात मी जिना चढून
बिरुताबाईंकडची कॉफी पिऊन येतो."

शॉर्टकट करू, मी म्हटलं.
उजवं क्लिक, तळाची ओळ, मग मार्गाचा रकाना:
मार्गाच्या आधी एक शब्द, एक तिरकी रेघ, एक स्वल्पविराम
लिहिला की फोल्डर उघडताना डाव्या अंगाला
अख्खं झाड फांद्यांसकट दिसतं.
पिवळी पिशवी त्यांना आवडली नाही. चित्र बदललं.
मग खालचा रकाना, कळांचा.
कंट्रोल, ऑल्ट आणि एक अक्षर.
"तिन्ही एकदम?"
तिन्ही एकदम.
त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला.
"म्हणजे यालाही एकटा सूर पुरत नाही."

अक्षरं सातच घ्यायची, हा त्यांचा हट्ट.
तीनशे चाळीस पियानोंतून सात.
सी: संगीतशाळेतला, ज्याच्या पोटात दरवर्षी खोडरबर सापडतात.
एफ: बिरुताबाईंचा. वाजवत कुणी नाही,
ऑक्टोबर आला की लावून मात्र घेतात.
ए: नाट्यगृहातला, दमट, लबाड.
शेवटी मी बी टाकलं.
"बी नव्हे. ती पांढरी सातवी, आमच्यात तिला एच म्हणतात.
तुला शिकवलं कुणी?"
मी मदारा. कॉम्प्युटर दुरुस्त करते.
मला कुणी काहीच शिकवलं नव्हतं.

एचच्या फोल्डरात एकच फीत,
जुन्या कॅसेटवरून उतरवलेली. लावण्याआधी.
नंतरची नाही.
"इथून वर जाता येऊ नये," ते म्हणाले.
तशी सोय आहे. अजून एक शब्द लिहिला
की तोच फोल्डर मूळ होतो, वर नेणारी वाट मिटते.
गाव नाही, रस्ता नाही, मजला नाही.
मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं ते एवढंच
की त्या हिवाळ्यात लाकूड महाग होतं.

चित्राच्या कोपऱ्यातला वाकडा बाण काढता येईल का?
येईल, म्हटलं, पण मग वस्तू कुठली
आणि वस्तूकडे दाखवणारं बोट कुठलं, कळायचं नाही.
बोट पुसलं तर वस्तू राहते.
वस्तू गेली तर बोट तसंच, हवेत.
"राहू दे मग."
पैसे दिले, वर धुरावलेला मासा, वर्तमानपत्रात गुंडाळून.
दारातून: "तुझा पंखा उतरलाय जरा."
तेव्हापासून मलाही ऐकू येतो.

दोन महिन्यांनी फोन.
नाव लिहायला गेलं की नाट्यगृह उघडतं!
खरंच होतं. आमच्या लिपीत काना देणारी कळही तीच,
उजवा ऑल्ट आणि ए.
मी त्यांचा काना काढून शॉर्टकटला दिला होता.
"दोन महिने मी तलिवाल्डिस म्हणून पत्रं धाडतोय."

घरी गेले. चार कळा शिफ्टवर हलवल्या.
एचला कान्यामात्र्याचं काही लागत नाही,
ती होती तिथेच ठेवली.
निघताना सवयीनं कीबोर्डवरून फडकं फिरवलं:
सगळी अक्षरं काळीभोर, कोरी.
एच तेवढं उडालेलं. कळ नुसती पांढरी, गुळगुळीत,
एका बाजूला किंचित खचलेली.

तालिवाल्डिस खिडकीकडे बघत होते.
"ती जरा बसलीय," ते म्हणाले.
"लावता येईल?"