मसुद्यातली दुसरी ओळ

शारजात, रोलाला, शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या.
पाटी अरबीत, तिच्यावर नाव त्यांचं
जे कोर्टात उभे राहतात.
कागद मी करते. अशील मला वकीलबाई म्हणतात,
दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

सरखोतचाचा दाभोळचे.
एकतीस वर्षं अरबी टाइप केली त्यांनी,
उजवीकडून डावीकडे.
गेल्या शाबानात मी मशीन घेतलं, म्हणजे वर्गणी भरली.
चाचा टेबल पुसून म्हणाले, ठेवायचं कुठे?

आता ज्या दाव्याला त्यांची दुपार जायची
तो चहा निवायच्या आत होतो.
चाचा फक्त वाचतात.
चूक सापडली की चेहरा उजळतो.
हल्ली फारसा उजळत नाही.

जूनमध्ये लवू धुरी आला, सजाच्या कॅम्पातून.
वेल्डर. कंपनी बुडाली, कराराची प्रत नाही.
मशीनने विचारलं, रुजू झाल्याची तारीख?
लवू म्हणाला, धाकटीला दात येत होते तेव्हा.
मशीन पुन्हा: तारीख आवश्यक आहे.
चिडलं नाही. मी चिडले असते.

चाचांनी खालून करक मागवली.
थंडी होती?
होती. जाकीट नव्हतं दिलं.
रोजे?
संपले होते. फोरमननं ईदची शेवई दिली, उरलेली,
जरा आंबूस लागत होती.
चाचांनी डोळे मिटले, मागचे चांद मोजत गेले,
शेवई किती दिवसांनी आंबते तेही धरलं,
आणि माझ्या कागदाच्या कोपऱ्यात तारीख लिहिली.
मग मशीनने बावीस वर्षांचा हिशेब
एका दमात मांडला. बिनचूक.

अशिलांना निरोपही तेच लिहितं.
दुसरी ओळ ठरलेली:
‘तुमची अवस्था मी समजू शकते.’
मी ती रोज खोडते. कोण समजतंय?
त्या रात्री अकरा वाजले होते, एसीखालची बादली भरत आली होती,
सतरा निरोप पाठवायचे होते.
ओळ राहून गेली.

दोन दिवसांनी लवू वेळ न घेता आला.
तडा गेलेला फोन माझ्यासमोर धरला.
बाय, ह्या मी घराक वाचून दाखवलंय.
चेडवाक रडू इला.
म्हणता, बाबा, थंय कोणतरी आसा मा.

चाचा चष्मा पुसत राहिले.
अकरा वर्षं माझी वाक्यं टाइप केलीत त्यांनी,
माझं कुठलं आणि कुठलं नाही
हे त्यांना बोटांनी कळतं.

मी सांगितलं नाही.
कायद्यात याला जागा आहे:
मुखत्याराने हद्दीबाहेर जाऊन काही केलं
आणि मालकाने मागाहून ते मान्य केलं
तर ते पहिल्यापासूनच त्याचं धरतात.
शिकताना ही मला पळवाट वाटली होती.

त्या संध्याकाळी सजाला गेले.
खोलीत नऊ जण, कॉट आठ.
मला बसायला दिली ती लवूची,
उशीखाली प्लास्टिकच्या पिशवीत सगळी पासबुकं.
भात, टोमॅटोचं सार, कुणीतरी माझ्यासाठी आणलेला चमचा.
किती समजलं?
थोडंच. पाणी रात्री कधी जातं.
उजव्या डोळ्यात सारखी वाळू असल्यासारखं का वाटतं.
धाकटी आता नर्स आहे, आणि तिला
बाबांचा आवाज फोनवरचाच माहीत आहे.
बाकीचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

परत येताना ट्रकांच्या रांगेत अडकले दीड तास.
ओळ आधी गेली होती,
मी मागाहून पोचले होते, एका ठिकाणी.

निरोप सतरा गेले होते.

सकाळी टेबलावर चाचांनी केलेली यादी होती,
हाताने, उजवीकडून सुरू केलेली,
सोळा नावं, सोळा पत्ते,
आणि खाली: बाई, गाडीत पाण्याची बाटली ठेवा.