थांबलीस की इझव

लॅपटॉपची मेलेली बॅटरी
पोवई नाक्यावरच्या दुकानातून आणली,
साठ रुपयांना, तीही घासाघीस करून.
सोलली तर आत सहा सेल.
चार अजून जिवंत होते.
उरलेल्या दोघांच्या तोंडाला टेप लावून बाजूला ठेवलं,
मेलेला सेल कधी पेटेल सांगता येत नाही.

सेकंड शिफ्ट अकराला सुटते.
त्यानंतर माझ्या वाट्याला जे काही येतं
ते अंधारातच असतं,
डोंगरसुद्धा.

झाकीरभाई मुलाणींनी जेवणाच्या सुट्टीत
भंगारातला ॲल्युमिनियमचा ठोकळा लेथवर चढवला
आणि त्याला नऊ पंख काढून दिले,
मधे दीड-दीड मिलिमीटरच्या फटी.
मी मायक्रोमीटर लावला, सवयीनं.
"नापास करू नगंस बाई,
ह्यो काय गिऱ्हाइकाला जायचा न्हाई."
आणि कॉटन वेस्टला हात पुसत, जाता जाता,
"ह्याला पंखा न्हाई. तू पळतीस तवर वारा.
थांबलीस की इझव."

मसुरीच्या डाळीएवढा एलईडी.
त्याच्या पाठीला पांढरी पेस्ट, नखावर मावेल एवढीच,
जास्त झाली की तीच उष्णता अडवते.
सोल्डरचा धूर घरभर झाला तेव्हा
आईनं खिडकी उघडली.
बराच वेळ उभी राहून म्हणाली,
असली बत्ती विकत मिळत नाही का गं?
मिळते.
आठ हजारांना मिळते, पुण्याहून येते,
आणि बिघडली तर उघडता येत नाही.

आधी हेल्मेटवर बसवला.
सगळी वाट सपाट झाली, पेपरातल्या फोटोसारखी.
उजेड माझ्याच कपाळावरून निघायचा
आणि प्रत्येक दगडाची सावली
दगडामागेच लपून बसायची.
दोनदा पडले, एकदा करवंदीच्या जाळीत.
मग हँडलवर आणला,
फाटक्या ट्यूबची पट्टी करून आवळला.
वीतभर खाली, बस.
बारक्या खड्यालाही आता हातभर सावली,
खड्डा काळा, मुरूम पिवळा,
मुळी दोरखंडासारख्या उठून दिसायला लागल्या.
वॅट तेवढेच होते.

शुक्रवारी रात्री पेढ्याच्या भैरोबावरून उतरत होते.
डावीकडे खोल खाली सातारा,
समोर अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा,
आणि माझ्यापुढे
मी स्वतः जोडलेला पंधरा पावलांचा दिवस,
तोही माझ्याच वेगानं पळणारा.
वळण घेतलं
तर वाटेच्या मधोमध दोन ठिणग्या.

करकचून ब्रेक.
ठिणग्या हलल्या नाहीत.
मग त्यांच्याभोवती हळूहळू पक्षी दिसायला लागला.
रातवा.
मातीत बसलेला, मातीच्याच रंगाचा,
डोळ्यांत माझा एलईडी दोनदा.
शुक शुक केलं. घंटी वाजवली.
उजेडाला खिळल्यासारखा बसला होता,
आणि मीही, काय माहीत का,
बाजूनं जाईना.

वारा नव्हता.
आधी वास आला, तापलेल्या रबराचा,
मग झाकीरभाईंचं वाक्य आठवलं.
बटण शोधायला बोट नेलं ते सरळ पंखांवर,
चर्र झालं,
अंधार झाला.

बोट तोंडात धरून उभी राहिले.
काही ऐकू आलं नाही.
रातवा उडताना आवाज करत नाही म्हणतात,
त्यामुळे तो गेला की नाही
हे मला अंधारात कळायची सोय नव्हती.
टॉवरचा दिवा होता तिथंच होता.
चेनमधून गरम तेलाचा एक थेंब पडला असावा, किंवा दव.
दोनशेपर्यंत आकडे मोजले.
दिवा लावला.
वाटेवर नुसती वाट.

सोमवारी गेज धरताना फोड दुखत होता.
झाकीरभाईंनी बघितलं, विचारलं नाही,
फक्त कागद पुढं सरकवला, पेन्सिल कानामागून काढली.
मी काढून दाखवलं.
बटण इथं नको,
मागच्या बाजूला, वायरीवर,
अंगठ्याला न बघता सापडेल असं.