दुतर्फी संवाद बंद

महिन्यातून एका शनिवारी, चर्चमागच्या सभागृहात
आम्ही मोडक्या वस्तूंचं टेबल मांडतो.
फ्रीसलंडात लोक टोस्टरसुद्धा सहजी टाकत नाहीत;
आणतात, समोर ठेवतात,
आणि कॉफीचा कप धरून बाजूला उभे राहतात
ऑपरेशन थिएटरबाहेर नातलग उभे असतात तसे.

श्याउक्ये तेर्पस्ट्रा, वय एक्क्याऐंशी.
सायकलच्या पुढच्या पेटीतून आणलेला रंगीत प्रिंटर,
चौऱ्याण्णव सालचा, पांढऱ्याचा पिवळट झालेला,
आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून.
"मी शेवटचा बंद केला," ती म्हणाली,
"तेव्हा तर चालत होता."

पंचवीस पिनांचं ते रुंद तोंड.
माझ्या लॅपटॉपला तेवढं भोक कुठेच नाही.
मध्ये एक केबल घातली, दुभाषी म्हणून.
लॅपटॉप म्हणाला: काहीतरी जोडलंय.
काय, ते माहीत नाही.

शाईची डबी तिनं फ्रीजमध्ये जपलेली,
लोण्याच्या मागे, कित्येक वर्षं.
तिचं नाक कोमट पाण्यात बुडवलं,
मग टिशूवर टेकवलं.
निळा आला. पिवळा आला.
गुलाबीनं पाऊण तास घेतला,
तेवढ्यात मला कळलं
की ती गावच्या स्केटिंग क्लबची चिटणीस,
की रात्री कालव्यानं बर्फ धरला
तर सकाळी नावं घ्यायची, दुपारी शर्यत,
आणि संध्याकाळी प्रशस्तिपत्रं, याच यंत्रावर,
शाई वाळायच्या आत वाटायची.

लॅपटॉप मात्र अडून बसला.
दर ओळीला विचारायचा:
पोचलं का? शाई किती उरली? बरा आहेस ना?
प्रिंटर गप्प.
त्याला ऐकू येत होतं सगळं.
बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी सेटिंग्जच्या पार तळघरात
एक चौकट सापडली: दुतर्फी संवाद.
मी तिच्यातली खूण काढून टाकली.
आता नुसतं पाठवायचं,
उत्तराची वाट बघायची नाही.

आधी एक घरघर.
मग डोकं धोट्यासारखं इकडून तिकडे,
आणि इंचाइंचानं बाहेर आला कागद:
फिकट निळी चौकट, कोपऱ्यात दोन स्केट्स,
मध्ये नावासाठी रिकामी ओळ.
निळ्यात एक बारीक पांढरी रेघ राहून गेली होती
पात्यानं ओरखडा काढावा तशी.
"डोकं परत साफ करू?" मी विचारलं.
"नको," ती म्हणाली. "असू दे ती."

शेवटची शर्यत कधी झाली, हे तिला वर्षानं आठवेना.
नातू तेव्हा खुर्ची ढकलत बर्फावर उभं राहायला शिकत होता.
आता तो ट्रक चालवतो.

खिडकीबाहेर जानेवारी, नऊ अंश.
कालव्यात बदकं खुशाल पोहत होती.

"किती प्रती काढू?"
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
"चाळीस," म्हणाली.
"आणि एक जास्तीची.
ऐन वेळी कुणीतरी येतंच."